रडणाऱ्या पोरांचा वॉर्ड

त्या दिवशी कसबा बावड्यात आभाळ गच्च, वारा बंद, कारखान्याच्या मळीचा वास जागच्या जागी उभा. अशा हवेत डोळा लागतोच. आणि झोप म्हटली की मला आमचा पोरांचा वॉर्ड आठवतो. नव्वद सालानंतर बरीच वर्षं मी तिथं वॉर्डबॉय होतो, सगळ्यांचा मामा. शाळा शिकलो नाही, पण किस्से एवढे साठलेत की एक ओढावा तर चार अंगावर पडतात!

*

कबनूरचं यंत्रमागावर राबणारं जोडपं आलं, सोबत आजी. बाळ दूध पिईना म्हणून आणलेलं. बाप कौतुकानं सांगतोय, "लई गुणी हाय. कालपास्नं रडलंच न्हाय!"

डॉक्टर मॅडमनी बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी! श्वास तर आठवेल तेव्हा घेतंय.

"अफू दिली?"

आजी उसळली. "छ्या! निस्ती घुटी दिली की!"

"घुटीत काय?"

"जायफळ, हळकुंड... आन् झोपंला जराशी अफू!"

*

आधी तोंडावर मास्क लावून त्याचा फुगा दाबून श्वास, मग अफू उतरवून उठवायचं इंजेक्शन. पोरगं किंचाळलं. आई लगेच थोपटायला लागली.

सिस्टर ओरडल्या, "बाई, थोपटू नका! आमच्याकडं रडला तो पास!"

*

एक कॉलेजकुमार, मोठ्यांच्या वॉर्डात खाट नाही म्हणून आमच्याकडं आलेला. पैजेवर खोकल्याच्या, अफूच्याच जातीच्या औषधाची अख्खी बाटली प्यायलेला. इंजेक्शननं उठला आणि चप्पल शोधायला लागला.

मॅडम म्हणाल्या, "बस. इंजेक्शनचा जोर आधी उतरतो, बाटलीचा नंतर. परत झोपशील."

"मी? मी कशाला झोपतोय ओ? मला तर..." आणि बोलता बोलताच मान खाली!

मॅडमनी शांतपणे दुसरं इंजेक्शन भरलं. "मामा, ह्याची चप्पल कपाटात ठेवा!"

*

तर त्या गच्च आभाळाच्या दिवशी मी रात्रपाळी करून दुपारी आडवा झालेलो. शेजारी गंगव्वा, मूळची कर्नाटक सीमेकडची, लई मायेची. मधे नुसता पत्रा. तिचा नातू बसू रोज दुपारी भोकाड पसरायचा. मी कधी काही बोललो नाही. त्या दिवशी मात्र आवाजच नाही. वाट बघितली, मग उठलोच.

बसू पाळण्यात निपचित. तळव्याला टिचकी मारली, पाय हलेना. ओठ निळसर. पापणी उचलली, तर तीच मोहरी!

रिक्षात मी त्याचे तळवे चोळत बसलो. "बसू, श्वास घे रं राजा!" बसू गंगव्वाच्या मांडीवर. वॉर्डात मॅडमनी फुगा दाबला, सुई टोचली. आम्ही नुसते बघतोय. आणि बसूनं असा टाहो फोडला की जिन्यातली माणसं डोकावली!

"पास!" सिस्टर म्हणाल्या.

मी हळूच विचारलं, "आक्का, अफू कशाला दिली ओ?"

गंगव्वानं पदरानं डोळे पुसले. "तुमची रातपाळी असतीया न्हवं? दुपारी तुमास्नी झोप लागावी म्हनून की ओ, अण्णा!"