फॉर्मवरचा हेअरचा रकाना

"हेअर नको मॅडम. दुसरं काय बी लिवा," शीतलचे वडील म्हणाले आणि फॉर्म त्यांनी माझ्याकडे सरकवला.

नांदेडला माझं ब्यूटी पार्लर आहे, वरच्या मजल्यावर ट्रेनिंगचे क्लास. पहिले दोन महिने मुली सगळंच थोडंथोडं शिकतात. मग फॉर्मवर एका ट्रेडवर टिक करायची: स्किन, हेअर किंवा मेकअप. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, सर्टिफिकेट वेगळं. लोकांना वाटतं, पार्लरवाली म्हणजे तिला सगळंच येतं. मोठ्या सलूनमध्ये मात्र मेकअपच्या सर्टिफिकेटवर कुणी हातात कात्री देत नाही.

शीतल लोह्याजवळच्या खेड्यातली, घरची शेती. मुलगी अबोल, पण हात असा की मला हेवा वाटायचा. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात. नवशिक्या मुली ओल्या केसांच्या मापाने कापून मोकळ्या होतात आणि मग बाई आरशात बघून रडकुंडीला येते. विष्णुपुरीच्या एक प्राध्यापिका आमच्याकडे मॉडेल म्हणून आल्या होत्या, दाट कुरळ्या केसांच्या. शीतलने न सांगता दोन बोटं केस जास्त ठेवले. वाळल्यावर कट बरोबर खांद्यावर बसला.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"कुनी न्हाई मॅडम. केस वर पळून राहिले होते, दिसलं मला."

मेकअप तिचा बेताचाच. म्हणजे कुठे टिक करायची हा प्रश्नच नव्हता. तरी मी वडिलांना विचारलं, "दादा, हेअरमध्ये काय वाईट आहे?"

"वाईट कशाला? पन आमी शेतीवाडीवाले. पोरगी लोकाचे केस कापून राहिली म्हनल्यावर पाव्हणे काय म्हनतील? न्हाव्याचं काम करती म्हनतील. सोयरीक व्हायची हाय अजून." जरा थांबून ते म्हणाले, "तुमाला काय वाटतं मॅडम?"

आता मला काय वाटत होतं ते सांगते. माझे वडील लातूरला तीस वर्षं सलून चालवत होते. आजोबा, पणजोबा, सगळे त्याच कामात. कात्री धरायला मला वडिलांनीच शिकवलं. त्या कात्रीवर त्यांनी तीन पोरांची शिक्षणं केली. पण नांदेडला आल्यापासून मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पार्लरच्या पाटीवर इंग्रजी नाव, गिऱ्हाइकांत वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या बायका. कशाला विषय काढा, असं म्हणत वीस वर्षं काढली होती. त्या दिवशीही मूग गिळून गप्प बसले.

"तुमचंही बरोबर आहे दादा. मेकअप बरा," मी म्हणाले आणि टिक केली. शीतल शेजारी उभी होती.

ती पास झाली. एक सीझन माझ्याबरोबर नवरीचे मेकअप केले. मग लातूरला लग्न झालं. नवरीचा मेकअप म्हणजे पहाटे पाचला मंगल कार्यालयात हजर, आज औसा तर उद्या उदगीर. नव्या सुनेला पहाटे परगावी कोण पाठवतं? मेकअपची पेटी कपाटावर गेली.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. घरापासून दोन गल्ल्यांवर लेडीज सलून निघालं होतं. दहा ते सहा ड्यूटी, फक्त हेअर.

"मॅडम, मी कट करून दाखवला. त्यायला लई आवडला. पन हेअरचं सर्टिफिकेट मागून राहिले."

"सासूबाई काय म्हणतात?"

"त्या तर म्हनल्या, बायाचेच केस हायेत, जा की!"

मी सलूनच्या मालकिणीला फोन लावला. मुलीचा हात कसा आहे, सगळं सांगितलं.

"एवढा हात होता, तर तुम्ही तिला मेकअपला का बसवलं मॅडम?" तिने विचारलं.

मी विषय बदलून फोन ठेवला. शीतलला म्हणाले, नांदेडला ये, फुकट शिकवते. कोर्स सहा महिन्यांचा आणि तिचं बाळ आठ महिन्यांचं. कशी येणार? महिनाभरात ती जागा भरली.

शेवटी मी तिच्या वडिलांना फोन केला. माफी मागायची होती. पहिल्यांदाच सांगून टाकलं, "दादा, माझ्या वडिलांचं लातूरला सलून होतं. आम्ही न्हावीच. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"ठाऊक हाय की मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या वडलाकडं मी दाढी केलेली हाय, लातूरला हमालीला होतो तवा. तुमचं नांदेडचं पार्लर त्यायनीच सांगितलं होतं. तुमी त्यायच्या लेक म्हनून तर पोरगी तुमच्याकडं घातली. पाव्हण्याचं भ्याव होतं मला, न्हाई कसं म्हनू? पन तुमी हेअरला हाव म्हनले असते, तर मी पाव्हण्याला सांगितलं असतं."

आता क्लासच्या पहिल्या दिवशी मी आधी वडिलांचं नाव आणि धंदा सांगते, मग ट्रेडची माहिती देते. शीतलला त्याचा काहीच उपयोग नाही.