खिळ्यावर टांगलेला कॉम्प्युटर

"ही डीकम्प्रेशन सिकनेस आहे," कासाच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हे नाव पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या नवऱ्याने, महेशने, ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला सगळं कळलं होतं.

बाईंनी मला सोपं करून सांगितलं. पाण्याखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. माणूस सावकाश वर आला नाही, किंवा एकदा वर आल्यावर नीट आराम न करता पुन्हा खाली गेला, की त्या वायूचे अंगात बुडबुडे होतात. महेशचे बुडबुडे स्पायनल कॉर्डमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत अडकले होते. मी डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कोंडलेली हवा काय करते ते मला वेगळं सांगावं लागलं नाही.

महेश दक्षिण कोकणात एका स्कूबावाल्याकडे गाइड होता. पर्यटकांचा हात धरून त्यांना समुद्राखाली फिरवून आणायचं, हे त्याचं काम. आमच्या डहाणूकडच्या महालक्ष्मीच्या जत्रेसाठी तो सुरतेला जाणाऱ्या बसने घरी येत होता. रात्रभर पायाला मुंग्या येत होत्या, पण बसून बसून आल्या असतील असं त्याला वाटलं. हायवेवरच्या चारोटी नाक्याला उतरला तर डावा पाय उचलेना. मला फोन करून म्हणाला, "घाबरू नको, पण ये." मी आमच्या घरून, सरावलीहून, जीप बदलत पोचले, तर हा चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसलेला आणि सकाळपासून लघवीही झालेली नव्हती. हे मुद्दाम लिहिते आहे. डायव्हिंग करणाऱ्या कुणाला असं झालं, तर तेल चोळत बसू नका. सरळ दवाखाना गाठा आणि कामाचं स्वरूप आधी सांगा. त्या बाईंनी ते विचारलं म्हणून महेश आज चालतो आहे.

त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं आणि चार ठिकाणी फोन करून मुंबईत सोय केली. तिथे त्याला हायपरबॅरिक चेंबरमध्ये ठेवलं. चेंबर म्हणजे लोखंडाची बंद खोली. आत हवेचा दाब वाढवतात, त्यामुळे बुडबुडे लहान होतात, आणि मग दाब हळूहळू उतरवतात. मी बाहेरच्या बाकावर बसून राही. जाड काचेतून त्याचा मास्क लावलेला चेहरा दिसे. एकदा त्याने हात वर करून अंगठा दाखवला. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा असतो, हे मला माहीत होतं. मला रडू आलं.

याच बाकावर बसले असताना महेशच्या मालकाचा मेसेज आला. त्याला सगळे शेठ म्हणतात. त्याने महेशच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो पाठवला होता. हे मनगटावर बांधायचं घड्याळासारखं यंत्र असतं. किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, यावरून अंगात किती वायू मुरला असेल याचा ते हिशेब करतं आणि अजून किती थांबता येईल ते सांगतं. फोटोत सगळं हिरवं, म्हणजे धोका नाही असं होतं. शेठने खाली लिहिलं होतं की मशीन खोटं बोलत नाही, महेशला आधीचाच कसला तरी आजार असणार.

मी तो फोटो चेंबरच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी महेशला एवढंच विचारलं, "सकाळीही हाच होता का?"

नव्हता. दुकानात गाइड पाच आणि कॉम्प्युटर तीन. दारामागे खिळे होते, त्यांवर ते टांगलेले असत. जो पाण्यात उतरेल त्याने हाताला लागेल तो बांधायचा, ही तिथली पद्धत. घरी निघायच्या दिवशी सकाळी महेश एक बांधून दोनदा खाली गेला. दुपारी तो दुसऱ्याच्या हाताला होता, म्हणून याने खिळ्यावरचा कोरडा उचलला. तो सकाळभर भिंतीवर आराम करत होता. त्याच्या लेखी महेश त्या दिवशी पाण्यात उतरलेलाच नव्हता.

"यंत्राने खिळ्याचा हिशेब दिला, तुमचा नाही," डॉक्टर म्हणाले. हाताला सकाळचाच असता तरी त्याने अंदाजच दिला असता, हेही त्यांनी सांगितलं. माणूस दमलेला आहे, उन्हात सुकलेला आहे, पाणी प्यायलेला नाही, हे त्याला कळत नाही. वर बसने घाट चढला, तिथे हवेचा दाब कमी झाला आणि बुडबुडे आणखी फुगले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठला फोन केला तर त्याने हात झटकले. महेश म्हणाला, जाऊ दे. सासूबाई म्हणाल्या, माणूस परत आला ना, देवाचे आभार मान. देवाचे मानले. शेठला मात्र सोडायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

पावसाळाभर महेशने भिंत धरून चालण्याचा सराव केला. काठी सुटली, पण डाव्या तळव्याला अजूनही गरम-थंड कळत नाही. तो आता पाण्यात उतरणार नाही. ज्याचं लहानपण डहाणूच्या खाडीत गेलं, त्याला हे ऐकताना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटी दक्षिण कोकणात, शेठच्या दुकानी गेले. पर्समध्ये कारखान्यातल्या टाकाऊ फुग्यांच्या कापलेल्या रंगीत माना होत्या. त्या मनगटावर घट्ट बसतात. पोचले त्याच संध्याकाळी चारही जुन्या गाइडना भेटले. चौघे महेशचे मित्र. त्यांना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं आणि म्हटलं, एक रंग कॉम्प्युटरला आणि तोच रंग हाताला. दुसऱ्याच्या रंगाला कुणी शिवायचं नाही. चौघांनी रबरं घेतली.

सकाळी दुकानासमोर पर्यटकांची रांग लागली होती. तिघे आपापल्या रंगाचा कॉम्प्युटर बांधून तयार झाले आणि चौथा नुसता बसून राहिला. महेशच्या जागी आणलेला नवा मुलगाही त्याच्या शेजारी जाऊन बसला. शेठ ओरडला, खिळ्यावरचा घ्या म्हणाला. खिळ्यावर काही नव्हतं. रांगेतल्या एका बाईने काय झालं विचारलं, आणि मी ते रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बरीचशी रांग निघून गेली. शेठचा चेहरा पाहून मला आनंद झाला. तो लपवण्याइतकी मी सज्जन नाही.

"ताई, मी माफी मागतो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला.

"महेशकडे मागा," मी म्हटलं. "सरावलीला या, तो घरीच असतो."

तो अजून आलेला नाही. त्याने दोन कॉम्प्युटर मात्र त्याच आठवड्यात विकत घेतले.

कासाच्या त्या बाईंचे आणि चेंबरच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमचं माणूस असल्या कामाला जात असेल, तर रोज फोनवर एवढंच विचारा की आज हाताला कॉम्प्युटर स्वतःचाच होता ना. त्या दिवशी दुकानातून निघताना मी महेशच्या नावाचं लाल रबर दारामागच्या रिकाम्या खिळ्यावर अडकवलं आणि ते काढायचं नाही असं शेठला बजावलं. पोरं सांगतात, ते अजून तिथेच आहे. त्याला हात लावायची शेठची हिंमत होत नाही.