डेअरीत ती जिवंत होती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजी गायीला औषध पाजणं. गायीचं पोट फुगलं होतं. मी तिची मान वर करून जबडा धरला, आन् बायको बांबूच्या नळकांड्यातनं ओवा घातलेलं गोडंतेल ओतत होती. गायीनं मुंडकं झटकलं. निम्मं तेल माझ्या सदऱ्यावर.

"अवो, जबडा धरलाय का गोंजारताय तिला?"

"तू ओत की नीट. सगळं मलाच पाजलंस."

"पाजाय पाहिजेच. तुमचं बी पोट काय कमी फुगलेलं न्हाई."

मग पदरानं माझी मान पुसली आन् भाकरी टाकायला आत गेली. ध्यानात ठेवावं असं त्यात काहीच न्हवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कांद्याच्या वाफ्यात ती खाली बसली, ती पुन्हा उठली न्हाई. न्हावऱ्याच्या दवाखान्यात न्यायला जीप आणली, पण जीप येईस्तवर सगळं संपलं होतं. ह्याच्यावर जास्त बोलायची माझी तयारी न्हाई. मला सांगायचंय ते त्याच्यापुढच्या महिन्यांचं.

आमच्या गावची दूध डेअरी बायकांची होती. सभासद बायकाच, चेअरमन बाईच, माप घेणारी बी बाईच. पुरुषाच्या नावावर दूध घालायचा कोड नंबर मिळायचा न्हाई. आम्हा पुरुषांचा पराक्रम बघूनच कुणीतरी तो नियम केला असणार. आमचा कोड बायकोच्या नावावर होता. पोरगा रांजणगावला कंपनीत, सुनेला घेऊन शिरूरला खोली करून राहायचा. सुनेच्या नावावर कोड करावा, तर सभासद गावात राहणारीच पाहिजे. घरात बाई म्हणून कुणी उरलीच न्हवती.

तेराव्यानंतर मी सकाळची किटली घेऊन डेअरीत गेलो आन् दारातच थांबलो. चेअरमनबाई म्हंजी माझ्या चुलतभावाची बायको. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली.

"भावजी, थांबलाय काय? ओता."

"वहिनी, कोड तर तिचा."

"मग? गाय तिचीच हाय ना? ओता. कुणी विचारलं तर आजारी हाय म्हणा. पुढचं मी बघती."

मी दूध ओतलं. मशीनमधनं पावती आली, तिच्यावर बायकोचं नाव. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण रोज पावती बघून बघून त्या नावाचा आकार मला पाठ झाला होता. पावती खिशात घातली आन् घरी आलो. घरात तिच्या फोटोला हार घातलेला, आन् खिशात तिनं आज सकाळी दूध घातल्याची पावती.

त्या दिवसापासनं मी अडकलो.

दौंडच्या दूध संघाचा सुपरवायझर अधनंमधनं यायचा. "आप्पा, आज बी तुम्हीच? मालकीण कुठंय?" मी म्हणायचो, पाय दुखतोय तिचा. पुढच्या खेपेला गुडघा. मग डोळा. माझी आजारपणं संपली तवा रांगेतल्या बायका मदतीला धावल्या.

"ती यवतला गेलीया, बहिणीकडं. बहिणीचं बाळंतपण हाय."

यवतला तिची बहीण होती हे खरं. पण त्या वयात बाळंतपण कसलं? दुसरी लगेच म्हणाली, "बहिणीच्या लेकीचं गं." तिसरी म्हणाली, "कालच निरोप आला, मजेत हाय." सुपरवायझर गेला की सगळ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मी बी हसायचो. काय करणार? माझ्यासाठीच खोटं बोलत होत्या त्या.

पण त्यात माझा जीव गुदमरायचा. बायको गेलेल्या माणसाशी लोक दोन शब्द बोलतात, तिची आठवण काढतात. डेअरीत माझ्याशी तसं कुणाला बोलता येईना, कारण तिथं ती गेलीच न्हवती. माझ्या डोळ्यात पाणी आलं तर चेअरमनबाई दबक्या आवाजात म्हणायच्या, "भावजी, घरी. इथं न्हाई." एकदा मी फाट्यावर यवतकडनं येणाऱ्या एसटीतनं उतरणाऱ्या बाया बघत उभा राहिलो. येडा झालो न्हवतो. पण उभा राहिलो, हे खरं.

दोन हजार सालाच्या मागंपुढं दौंडच्या संघानं कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलायचा ठरवला. जुना काळ्या पडद्याचा होता, हिरव्या अक्षरांचा. त्याच्याऐवजी रंगीत पडद्याचा नवा येणार होता, तोच प्रोग्राम, पण पुढची आवृत्ती. तो बसवायला संघातनं एक मॅडम आल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मऊ. नवं मशीन जुन्याशेजारी मांडलं आन् म्हणाल्या, "ह्यातलं सगळं ह्यात न्यायचंय. तोवर कुणी मशीनला हात लावू नका."

माझ्या वडलांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घोड नदीच्या पाण्यातनं पल्याड काढायचा. लंगडं मेंढरू खांद्यावर, गाभण असेल तिला धरून. म्हातारा काठावर उभा राहून एकेक तोंड बघायचा. मॅडमचं काम मला त्यातलंच वाटलं. फरक एवढाच की वीज मधेच गेली, आन् आमची मेंढरं अर्ध्या पाण्यात थांबली. वीज आल्यावर मॅडमनी पुन्हा पहिल्यापासनं सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशीच्या पावत्या बघितल्या आन् सगळ्या एकमेकींच्या पावतीत डोकावाय लागल्या. कोड बरोबर, लिटर बरोबर, फॅट बरोबर. नावाच्या जागी नुसते चौकोन, फुल्या आन् उलट्यासुलट्या रेघा. माझ्या पावतीवर तिचा आकार न्हवता. मी पावती दोनतीनदा उलटी करून बघितली.

मॅडम म्हणाल्या, "जुन्या मशीनला मराठीसाठी वेगळं कार्ड बसवलेलं होतं. नव्याला त्याची अक्षरं कळत नाहीत. आकडे आले, नावं बिघडली. नावं परत घालावी लागतील. प्रत्येकीनं या आणि सांगा."

आन् नव्यात एक रकाना जास्तीचा होता, नवऱ्याच्या नावाचा.

तिथं जी मजा झाली ती मरेपर्यंत विसरायचो न्हाई. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, आन् नवरा बायकोचं. नव्या पोरी घेतात म्हणं. तवा रांगेत सगळ्या आमच्या वयाच्या. मॅडमनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" की बाई लाजून मागचीला कोपरानं ढोसायची, आन् मागची नाव सांगायची. कुणी उखाणा घे म्हणून चिडवायचं. मॅडम मान खाली घालून टाइप करत होत्या. जी नाव सांगंल, तिलाच तो नवरा लावत गेल्या.

पावत्या आल्या तवा निम्म्या गावाचे नवरे बदलले होते.

"अगं बया, माझा मालक हिच्या घरी गेला की!"

"ठेव चार दिस. घोरतो का तेवढं सांग."

रांगेत सगळ्यात म्हातारी होती तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. तिला शेजारणीचा तरणा नवरा मिळाला होता. ती म्हणाली, "म्याडम, माझं तेवढं दुरुस्त करू नका बरं."

लोक हसून हसून खाली बसले. मॅडमचं तोंड मात्र रडवेलं झालं. त्यांनी टाइप केलेलं सगळं पुसलं. पुन्हा करायचं, आन् ह्या वेळी प्रत्येक सभासदानं स्वतः यायचं, स्वतः बोलायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार न्हाई.

पहिल्या खेपेला माझ्या वतीनं चेअरमनबाईंनी हळूच नाव सांगून टाकलं होतं. आता ती वाट बंद. मला रात्री झोप न्हाई. ती मेली म्हणावं तर कोड जातो, दूध कुठं घालायचं? जिवंत म्हणावं तर तिला कुठनं आणायचं? आन् नाव? ते तर मी जन्मात कधी घेतलं न्हवतं. हाक मारायची तर "अगं", न्हाईतर पोराची आई. लग्नात उखाणा घ्यायला लावला तवा तोंडातल्या तोंडात पुटपुटलो होतो. दहाव्याला भटजीनं विचारलं, तवा बी भावानं सांगितलं.

माझी पाळी आली. मॅडमनी पडद्यावर बघितलं.

"आप्पा, काकू कुठं आहेत? रोजचं दूध दिसतंय त्यांचं, ह्या महिन्यात एक खाडा नाही."

चेअरमनबाई पुढं झाल्या. "यवतला हाय ती. बहिणीकडं."

"अजून?"

"बाळंतपण अवघड गेलं म्याडम."

"बरं मग काही अडचण नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "उद्या मी यवतच्या सेंटरलाच चालले आहे. त्यांना तिथंच भेटून नाव घेते. पत्ता सांगा."

मावशीला खोकला लागला. मग मागनं एक म्हणाली, "हायवेला ढाबा हाय ना, त्याच्या मागं." दुसरी म्हणाली, "न्हाई न्हाई, शाळेजवळ." तिसरी म्हणाली, "निळं दार हाय घराला." मॅडम लिहायला लागल्या. मला दिसत होतं, ह्या सगळ्या मिळून तिला यवतला घर बांधून देत होत्या. दार रंगवून झालं होतं. उद्या त्यात चूल पेटंल, परवा अंगणात तुळस येईल, आन् मी जन्मभर त्या घरावरनं विचारपूस ऐकत बसंन.

"पत्ता लिहू नका," मी म्हणालो. "नाव लिहा."

चेअरमनबाईंनी माझा दंड धरला. "भावजी!"

मी आधी कैलासवासी म्हणालो. मग तिचं नाव घेतलं. पुढं माझं, पुढं आडनाव. मोठ्यानं घेतलं. घसा दुखला, एवढं मोठ्यानं. इथं ते नाव पुन्हा घेत न्हाई. एकदा घेतलं तेवढं माझ्यानं झालं.

मॅडमचे हात थांबले. त्यांनी रांगेकडं बघितलं, चेअरमनबाईंकडं बघितलं. सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आप्पा, मी टाइप करत होते. पहिला शब्द मला नीट ऐकू आला नाही, असं म्हणू का? नाव तेवढं घालते."

भली बाई. दार उघडं करून देत होती मला. आत जायचं, आन् पुन्हा तेच.

"न्हाई म्याडम. ऐकला म्हणा. कांद्याच्या वाफ्यात गेली ती. मी होतो तिथं."

"मग कोड बंद करावा लागेल. नव्यात मयत सभासद घेता येत नाहीत."

"आन् जुन्यातलं तिचं? ते पुसणार का?"

"पुसत नाही. जुनं जसंच्या तसं बंद करून ठेवतात."

"मग राहू द्या तिला तिथं. तिला तशीबी नव्याची हौस न्हवती."

मॅडमनी एक बटण दाबलं. आणखी काय झालं न्हाई. पुढची बाई सरकली.

बाहेर चेअरमनबाई माझ्यावर तुटून पडल्या. "तुमच्यासाठी एवढं सगळ्यांनी केलं, आन् तुम्ही मला तोंडघशी पाडलंत! आता संघ मला जाब विचारंल."

"पाडलं, वहिनी."

"मग बोलायचं तरी होतं आधी!"

"आधी बोललो असतो तर तुम्ही बोलू दिलं असतं का?"

त्या पाठ फिरवून आत गेल्या. मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ठाऊक न्हाई. चेअरमन त्याच राहिल्या, एवढं खरं. माझ्याशी बोलायला मात्र त्यांना दिवाळी उजाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायीची धार काढली, दूध गाळलं, किटली भरली आन् सवयीनं डेअरीच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथं गेल्यावर आठवलं. मागं फिरलो, तर मावशी रांगेतनं बाहेर आली. माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"इतके महिने यवतला ठेवलीस रं तिला! आता तरी रडू का मी?"

आन् रडाय लागली. मग दुसरी. रांग मोडली. माप घेणारी आतनं ओरडली, दूध ओता गं, फॅट उतरंल. कुणी ऐकलं न्हाई. एक म्हणाली, माझ्या पोराला गोवर आला तवा रोज दोन्ही वेळची भाकरी तिनं दिली. एक म्हणाली, भांडायला लागली तर ऐकायची न्हाई, गेल्या उन्हाळ्यात पाण्यावरनं माझा हंडा फेकून दिला होता तिनं. मला हे दोन्ही ठाऊक न्हवतं. मी किटली खाली ठेवली, पायरीवर बसलो आन् त्या सांगतील तेवढं ऐकून घेतलं. चेअरमनबाई खिडकीतनं बघत होत्या. ह्या वेळी घरी जा म्हणाल्या न्हाईत.

शेवटची पावती निघाली, बायका पांगल्या. खासगी दुधाचा टेम्पो मोठ्या रस्त्याला थांबतो, तिथं कुणाचंबी दूध घेतात. ऊन चढाय लागलं होतं. मी किटली उचलली आन् दूध नासायच्या आत पोचावं म्हणून भराभरा चालाय लागलो.