माझा दुसरा उंबरठा

आमच्या सरांचं मराठी पुण्याचं होतं, एवढं एकच त्यांचं चुकलं. बाकी माणूस लाख मोलाचा. अमरावतीच्या कॉलेजात आम्हा पळणाऱ्या पोरींसाठी त्यांनी छातीला बांधायचा पट्टा आणला. तोवर कुणाचा दम मोजायचा तर पळता पळता थांबवून, कानाच्या पाळीला टोचून रक्ताचा थेंब घेत. पट्ट्याला रक्त लागत नाही. तो हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. ही अंतरं कधीच सारखी नसतात, थोडी मागेपुढे होतात, आणि मेहनत वाढली की त्या मागेपुढे होण्याची तऱ्हा बदलते. ती कुठे बदलली ते पाहून सर सांगत, हा तुझा पहिला उंबरठा, हा दुसरा. पहिल्याच्या आत माणूस गप्पा मारत पळतो. दुसरा ओलांडला की आधी बोलणं बंद पडतं आणि थोड्या वेळानं पळणंही.

‘थ्रेशोल्ड’ हा इंग्रजी शब्द वापरला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण सरांना मराठीचा अभिमान होता.

त्या दिवसांत मला अकोल्याच्या सराव शिबिरात वर्षभर राहायचं बोलावणं आलं होतं. कागदावर बाबांची सही हवी होती. बाबा मोर्शीला भाजी पिकवतात आणि बाजारात स्वतः विकतात. मी तीनदा कागद पुढे केला, तीनदा ते "पाहू" म्हणाले. आमच्या घरी पाहू म्हणजे नाही. मी चिडून आठवडाभर फोन केला नाही. शेवटी सरांनीच फोन लावला, मी शेजारी उभी होते.

"काका, मुलीचं कौतुक करायला फोन केला. पहिला उंबरठा तिनं कधी ओलांडला, तिलाही कळलं नाही. दुसरा मात्र पुष्कळ उशिरा ओलांडला. आता तिला अकोल्याला पाठवू या, एवढंच म्हणणं आहे."

पलीकडून फोन बंद झाला.

"रेंज गेली वाटतं," सर म्हणाले.

रेंज जागेवरच होती. आमच्याकडे पोरगी उंबरठा ओलांडते ती एकदाच, वाजतगाजत, पायानं माप लवंडून. दोनदा ओलांडून बसलेली लेक आणि तिला अकोल्याला रवाना करणारा मास्तर! बाबांनी मेथीच्या जुड्या शेजारच्या दुकानावर टाकल्या आणि मिळेल ती एसटी धरली.

दुपारी ते सरांच्या खोलीत आले. आधी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"गळ्यात तं काही दिसून नाही राहिलं," म्हणाले. मंगळसूत्र शोधत होते, हे मला नंतर कळलं. मग सरांकडे वळले. "पोट्टा कोन हाय?"

"कोण पोट्टा?"

"अकोल्याचा."

"छे, अकोल्याला नाही, काका. सगळं इथेच झालं. या ट्रेडमिलवर, माझ्यासमोर."

बाबा खाली बसले.

आता मला उलगडा झाला आणि मी मध्ये पडले. "बाबा, उंबरठा म्हंजे दम. मले दम कवा लागते, ते पाहून राहिले सर."

"मंग दम म्हना ना," बाबा सरांना म्हणाले. "उंबरठा काहून म्हन्ता?"

सरांनी वहीत निमूटपणे "दम" लिहून घेतलं. मग पट्टा दाखवून सगळं समजावलं. बाबांचा विश्वास मात्र बसेना. पट्ट्याला आतलं कळते म्हणता, तर आधी मले लावा, असं त्यांचं म्हणणं. सरांनी पट्टा पाण्यानं ओला करून त्यांच्या बनियनच्या आत बांधला आणि त्यांना ट्रेडमिलवर चढवलं. थोड्याच वेळात बाबांच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

"दम लागला का?" सरांनी विचारलं.

"दम? मले? चालू द्या."

समोरच्या पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा वेगळंच सांगत होता. सरांनी यंत्र थांबवलं, बाबांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. हळूहळू ठोके खाली आले आणि ऐंशीच्या आसपास थांबले. माझा राग अजून गेला नव्हता. मी कागद आणि पेन त्यांच्या हातात कोंबलं.

"सही करता का नाही, ते आज सांगून टाका."

"करतो ना बावा. जाय अकोल्याले. मले काय होते?" वांग्याचा भाव सांगावा तशा आवाजात ते म्हणाले.

ते खुर्चीत स्वस्थ बसले होते, बोटसुद्धा हललं नव्हतं. पडद्यावर नव्वद झाले. मग शंभर. मग एकशे बारा. पट्टा सरकला असेल म्हणून सर उठायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं. माझा आठवडाभराचा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडू यायला लागलं.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बंद कर ते," म्हणाले, आणि सही केली.