मनोहर नावाचा ससा

लीलामावशी भाजी पाल्याकडून बघायच्या. मुळा केवढा आहे, बीट किती लाल आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. त्यांची नजर आधी वरच्या पानांवर जायची. सुपरमार्केटमध्ये पानं छाटून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले मुळे दिसले, की त्या ती पिशवी उलटसुलट करायच्या आणि म्हणायच्या, "पाहा बापा, टक्कल करून बसवलेत बिचारे!" मग पिशवी परत जागेवर.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मुळे दिसले की अजून मला त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि भर दुकानात हसू येतं. लोक बघतात. बघू देत.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पुण्याच्या कंपनीनं मला लंडनला पाठवलं होतं आणि भत्ता असा मोजूनमापून दिला होता, की साहेबांनी स्वतः तेवढ्यात एक आठवडा काढून दाखवावा. लंडनच्याच हॅरो भागात लीलामावशींच्या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मावशी, माझ्या जेवणाची काळजी करू नका हं. दुपारी सँडविच नि क्रिस्प्स, रात्री पुन्हा सँडविच. माझं भागतं."

मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "हे तर तू खाते पोरी. जेवते कधी?"

खाणं आणि जेवण या दोन गोष्टी त्यांच्या हिशेबी पार वेगळ्या होत्या. "खाणं स्वस्त असू दे, जेवण स्वस्त नको," असं त्या म्हणायच्या. जेवण म्हणजे टेबलाशी बसून, ताट घेऊन, गरम. त्यात काहीतरी आंबट हवं, काहीतरी हिरवं हवं आणि लसणाची फोडणी हवी. फोडणी द्यायच्या आधी स्टुलावर चढून छताच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायची, हे माझं काम. एकदा मी विसरले, तर शेजारचा म्हातारा पायजम्यातच रस्त्यावर धावत आला होता.

मावशी मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या. यजमान पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात होते, ते मी यायच्या चार-पाच वर्षं आधी अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. मावशी एका प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायच्या, आणि त्या पगारात घराचा हप्ता भरून जे उरायचं त्यात संसार. घर विका, भावाकडे परत जा, असं त्यांना ज्यानं त्यानं सांगून झालं होतं. मावशींचं एकच म्हणणं. "भावाच्या दारात नाही नि मदत मागायला कौन्सिलच्याही दारात नाही. माझ्याकडे पाहून कोणी चुकचुकलं ना, की मला घास गिळवत नाही."

ते अक्षरशः खरं होतं. कुणी डबाभर लाडू पाठवले, तर डबा दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांनी भरून परत. आणि तरीही त्या घरात मी जशी जेवले तशी पुढे भरपूर पगार असतानाही जेवले नाही. अंबाडी मिळत नाही म्हणून मावशी रुबार्बचे आंबट दांडे डाळीत शिजवायच्या आणि त्यात तांदळाच्या कण्या घालायच्या. "दांडेच घ्यायचे. पानं विषारी असतात, इंग्रजांनी तेवढं तरी शोधून ठेवलंय." फ्लॉवरचे देठ झुणक्यात पडायचे. बीटच्या पाल्यात मुगाची डाळ, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, बरोबर गुजराती दुकानातल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी. लंडनमध्ये माणसं उपाशी राहत नाहीत, तेच ते खाऊन कंटाळून राहतात, हेही मावशींचंच.

हा सगळा पाला कुठून यायचा, ते मला एका शनिवारी कळलं. रेल्वेच्या पुलाखाली शनिवारचा बाजार भरायचा. तिथे लेन नावाच्या सत्तरीच्या गोऱ्या भाजीवाल्याचा ठेला होता. मावशींना बघताच त्यानं खालून पाल्यानं गच्च भरलेली पिशवी काढली आणि जोरात विचारलं, "हाऊज मनोहर, डार्लिंग?"

"व्हेरी गुड, व्हेरी गुड," मावशी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन चालू पडल्या. एक पैसा दिला नाही.

"अहो मावशी, मनोहर कोण?"

त्या भराभर चालत राहिल्या. मग घरी चहा टाकताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ससा."

"कुणाचा?"

"माझा. म्हणजे नाहीये."

झालं होतं असं. यजमान गेल्यानंतरच्या त्या पहिल्या दिवसांत मावशी बाजारात गेल्या, तर लेन मुळ्यांचा पाला पिरगळून खोक्यात फेकत होता. यजमानांना मुळ्याच्या पाल्याची भाजी फार आवडायची. मावशींचा हात नकळत त्या खोक्याकडे गेला. लेननं सहज विचारलं, सशासाठी हवाय का? "मी नुसती मान हलवली. खायला पाहिजे म्हणून कशी सांगू? माणसासाठी मागितलं तर भीक होते, जनावरासाठी मागितलं तर काही नाही." पुढच्या शनिवारी लेननं सशाचं नाव विचारलं. मावशी गडबडल्या. आणि उखाण्याशिवाय जन्मात कधी जे नाव घेतलं नव्हतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मावशी! काकांचं नाव सशाला?"

"हसू नको. पण एक सांगू? बाकी सगळ्यांनी ह्यांचं नाव काढणं बंद केलं होतं. तो दर शनिवारी विचारायचा, मनोहर कसा आहे. बरं वाटायचं मला."

मी हसू आवरलं आणि चहा प्याले. मला रडू येत होतं हे त्यांना दिसू दिलं नाही.

हे असंच चालायचं. पण एका शनिवारी मावशी बाजारातून पिशवीऐवजी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आल्या. खोक्यात ससा. खराखुरा, करड्या रंगाचा, एक कान पडलेला. लेनच्या नातीचा, एमाचा. तिचे आईवडील नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते आणि तिथे पाळीव जनावर चालत नव्हतं. लेन म्हणाला होता, एकटा राहिला तर झुरेल हो, तुमच्या मनोहरची त्याला सोबत होईल. नाव बिस्किट.

"आता घ्या!" मी कपाळावर हात मारला. "तुम्ही नाही म्हणून का नाही सांगितलंत?"

"काय सांगून नाही म्हणू?"

बिस्किट मागच्या बागेतल्या शेडमध्ये राहू लागला आणि माझ्या जेवणावर संक्रांत आली. कारण पिशवी आली की मावशी आधी त्याला वाढायच्या. कोवळा, ताजा पाला त्याला, राहिलेला आपल्याला. मी कुरकुरले तर म्हणायच्या, "इतकी वर्षं सशाच्या नावानं आणलं. आता तो समोर बसलाय, त्याला कसं डावलू?"

महिनाभरानं लेननं सांगितलं, एमाला बिस्किटची फार आठवण येते, आम्ही रविवारी भेटायला येतो. तिला मनोहरलाही बघायचंय.

मावशींचा चेहरा पडला तो आठवडाभर वर आला नाही. मी काय काय सुचवलं! पेट शॉपमधून दुसरा ससा आणू. त्या नको म्हणाल्या. किती खोटं वाढवायचं? शेवटी मी म्हटलं, "मग सरळ सांगा, मनोहर मेला म्हणून. ससेच ते, मरतात."

मावशी भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"एकदा गेलेत ते. आता मी पुन्हा मारू त्यांना?"

मी स्टुलावर चढून अलार्मला शॉवर कॅप घातली.

रविवारी लेन कोट-टाय घालून आला. सात-आठ वर्षांची एमा बिस्किटला कुरवाळून, त्याचे मुके घेऊन आत आली. टेबल मांडलेलं होतं. भाकरी, रुबार्बचं वरण, मुळ्याच्या पाल्याची भाजी. तिनं खोलीभर बघितलं आणि विचारलं, "व्हेअर्स मनोहर?"

मावशींनी हातातला डाव खाली ठेवला. "लेन, देअर इज नो अदर रॅबिट," त्या म्हणाल्या. भाजीच्या भांड्याकडे बोट दाखवलं. "ऑल दीज इयर्स, आय ईट इट. मनोहर वॉज माय हज्बंड. ही लाइक्ड इट व्हेरी मच."

एमा विचार करत होती. "सो यू आर द रॅबिट?"

"येस," मावशी म्हणाल्या. "आय ॲम द रॅबिट."

लेनचे कान लालभडक झाले. त्यानं मान खाली घालून भाजी खाल्ली, आधी काट्यानं, मग माझं बघून भाकरीनं. दुसऱ्यांदा मागून घेतली. आयुष्यभर मी हे खोकीच्या खोकी फेकत आलो, एवढंच तो पुटपुटला. जाताना त्यानं मावशींचा हात हातात घेतला.

मला वाटलं, सुटल्या मावशी. पण त्या खरकटी भांडी तशीच टाकून बसून राहिल्या. "आता तो कीव करेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी दुप्पट पाला देईल, नि आवाज बारीक करून बोलेल. मी नाही जायची तिथे."

"आणि बिस्किटला उपाशी मारणार?" असं म्हणून मी त्यांना शनिवारी जवळजवळ ओढतच नेलं.

ठेल्याखाली पिशवी नव्हती. पुढच्या फळीवर, जिथे टोमॅटो आणि मिरच्यांची वाडगी मांडलेली असायची, त्यांच्याच रांगेत आणखी वाडगी होती. एकात धुतलेला मुळ्याचा पाला, दुसऱ्यात बीटचा. वर पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलेलं होतं, एक पौंडाला वाडगं. एक बंगाली बाई आधीच एक उचलून पैसे देत होती.

"येस, मॅडम?" लेन म्हणाला. डार्लिंग नाही. आवाजही बारीक नाही, नेहमीसारखा खणखणीत.

मावशी त्या पुठ्ठ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचावा तशी कोटाची बाही वर सारली, वाडग्यातली जुडी उचलली, उलटी केली, झटकली.

"वन पाउंड? फॉर धिस? लुक, यलो लीफ! टू बोल्स, वन पाउंड!"

"तुम्ही मला भिकेला लावणार, मॅडम," अशा अर्थाचं काहीतरी लेन ओरडला. मावशी त्याच्यावर ओरडल्या. तो आणखी ओरडला. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मी त्यांच्याकडे राहत होते तेवढ्या काळात मावशींचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. शेवटी दोन वाडगी घेतलीच त्यांनी एका पौंडात. लेननं वेगळी एक छोटी पिशवी माझ्या हातात दिली, बिस्किटची, तिचे पैसे नाहीत म्हणाला. ती तेवढी मावशींनी चालू दिली.

परतताना मी म्हटलं, "मावशी, फुकट मिळत होतं ते गेलं की हो आता."

मावशी ताठ चालत होत्या. गाल लाल झाले होते.

"जाऊ दे बापा. फुकटात कधी भांडता येते काय?"