माझी मोडलेली बिटं आणि देवराव मिस्त्री

देवराव मिस्त्रींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला ड्रिलचं बिट फेकून मारलं तेव्हा. बारा एमएमचं भोक पाडणारं, तापून टोकाला निळं पडलेलं, नुकतंच मशीनमधून काढलेलं. ते छातीवर आपटलं आणि नेमकं शर्टाच्या खिशात पडलं. खिशात मी नवा पेन लावला होता, सुपरवायझर वाटावं म्हणून. त्याचं टोपण वितळलं आणि मी वर्कशॉपभर उड्या मारत फिरलो.

"कोणं जाळलं हे?" मिस्त्री गरजले.

जाळलं मीच होतं. पहिला दिवस. मशीनचा पट्टा मी सगळ्यात वेगवान पुलीवर चढवला, तेलाचा एक थेंब घातला नाही आणि जाड लोखंडात भोक पाडायला निघालो. धूर निघाला तेव्हा मला वाटलं, काम जोरात चाललंय.

"धूर निघाला तं थांबाले नाई झालं तुले? काय शिकला नागपूरले?"

"डिप्लोमा," मी खिसा झटकत म्हणालो.

त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा पडलं.

वर्कशॉप पवनीच्या बाहेर, भंडारा रस्त्यावर. राइस मिलचे सुटे भाग तिथं बनत. मालक माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. माझी नेमणूक कोणत्या गुणवत्तेवर झाली हे यावरून कळेल. मिस्त्रींना हे पहिल्या तासात कळलं होतं आणि त्यांनी त्याचा काडीचाही परिणाम स्वतःवर होऊ दिला नाही. ते मालकाच्या साळ्यालाही तितक्याच मोकळ्या हातानं मारत.

पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेला माणूस. घर पवनीतलं, विणकराचं. त्यांना मशीनकडे पाहायची गरजच पडत नसे. पाठमोरे लेथवर काम करत असले तरी ड्रिलचा आवाज किंचित बदलला की हातात येईल ते फेकत. कधी पाना, कधी चहाचा ग्लास, एकदा स्वतःची चप्पल. आणि नेम चुकत नसे.

"माहा बाप हातमागावर होता," एकदा त्यांनी सांगितलं. "धागा तुटाच्या आंधी मागाचा आवाज बदलते. आवाज आयकला नाई का बाप गुद्दा हाणे. मी गुद्दे बी खाल्लो अन् आवाज बी शिकलो."

बिट किंचाळू लागलं की मिस्त्री ओरडत, "धार गेली त्याची! लोखंडाले भीक मांगून राहिला का? काढ ते!" कीस लांब वेटोळ्यांनी निघत असेल तर गप्प. त्याचा भुगा पडायला लागला की उठून येत आणि आधी माणसाला हाणत, मग बिट बदलत.

मी एकदा स्वतः ग्राइंडरवर बिटाला धार लावली. फार सुंदर लावली असं माझं मत होतं. त्या बिटानं पाडलेल्या भोकात बोल्ट घातला तर तो पातेल्यातल्या पळीसारखा खुळखुळला. मिस्त्रींनी बिट उजेडात धरलं.

"पाय. एक धार लांब, एक आखूड. एका बैलाले चारा देते अन् दुसऱ्याले काठी, मंग नांगर सरळ चालन का, सांग!" आणि टाळक्यात टोला. त्यानंतर माझ्या दोन्ही धारा सारख्या येऊ लागल्या.

त्यांची प्रत्येक चापट शहाणपणाची होती असं मी म्हणणार नाही. आमच्या सुखदेव वेल्डरचं बिट एकदा फुटलं आणि त्याचा तुकडा त्याच्या गालात रुतला. मिस्त्रींनी पक्कडीनं तुकडा ओढून काढला, रक्तावर फडकं दाबलं आणि लगेच दुसऱ्या गालावर चापट दिली. नंतर कळलं, चूक सुखदेवची नव्हती. बिट पकडून ठेवणाऱ्या चकचा जबडा झिजला होता. मिस्त्रींनी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी घरून वैनगंगेच्या झिंग्यांचा डबा आणून सुखदेवसमोर आदळला आणि "खा!" म्हणून दरडावलं. सुखदेव बिचारा एका बाजूनं चावत खात होता. मला ते आवडलं नव्हतं. माझ्यावर कधी असा हात पडला तर भाऊजींना सांगायचं, हे मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

संधी आली. एका मिलसाठी तीस प्लेटी हव्या होत्या, नवं धान यायच्या आत. प्रत्येक प्लेटीला चार मोठी भोकं. मी मोबाइलवर हिशोब केला. भोक पाडायला लागतो त्याहून जास्त वेळ प्लेट क्लॅम्पनं मशीनच्या टेबलाला आवळायला लागतो. मग क्लॅम्प कशाला? प्लेट हातानं धरायची. डिप्लोमा असा कामी येतो!

जेवणाची सुट्टी होती. सगळे झाडाखाली डबे उघडून बसले होते. आत मी आणि लेथवर मिस्त्री. मी हातमोजे घातले, डाव्या हातानं प्लेट दाबून धरली आणि उजव्यानं मशीनचा दांडा खाली ओढला. पहिलं भोक झालं, दुसरं झालं. मी तर शीळ घालू लागलो.

मिस्त्री नेहमी सांगत, "बिट शिरताना चावत नाई, निंगताना चावते. खालून निंगाची येळ आली का हात हलका कर." तिसऱ्या भोकाला ती वेळ आली. आवाज खोल झाला.

"सोड!" मिस्त्री मागून किंचाळले.

मी ऐकलं. ऐकूनच आणखी जोरानं दाबलं. म्हटलं, आज यांना दाखवूच.

पुढच्या क्षणी माझ्या बरगडीत लाथ बसली. मी उडून भंगाराच्या ढिगावर पडलो, तोंड एका पाइपवर आपटलं आणि पुढचा दात तुटून जिभेवर आला. त्याच वेळी बिटानं प्लेट पकडली. गव्हाच्या पिठाच्या डब्याएवढी जड ती प्लेट पंख्याच्या पात्यासारखी फिरली. लाथ मारलेला पाय मिस्त्रींनी अजून मागे घेतला नव्हता. प्लेटीचा कोपरा गुडघ्याच्या वर लागला आणि पँट, कातडं, मांस सगळं उघडून गेला. मग बिट मोडलं आणि प्लेट भिंतीत जाऊन घुसली. माझा डावा हात जिथं होता तिथं आता हवा होती.

आवाजानं सगळे धावत आले. भाऊजीही आले. मी तोंडातलं रक्त थुंकत होतो, मिस्त्री मांडीवर खांद्यावरचा दुपट्टा आवळत होते.

"काय झालं?"

"मिस्त्रींनी लाथ मारली," मी म्हणालो.

प्रत्येक शब्द खरा होता. इतकं बेमालूम खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

भाऊजी मिस्त्रींकडे वळले. "मारली?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो. मारलो."

सुखदेवच्या गालाची गोष्ट भाऊजींना आठवत होतीच. "उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. मिस्त्रींना दवाखान्यात नेलं ते नोकरीवरून काढूनच.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. तोंड सुजलंय हे कारण चार दिवस पुरलं. बरगडी दुखते हे आणखी तीन दिवस. मग बहीण रोज शिरा करून घालत होती. शिऱ्याच्या मध्येच कसं सांगणार?

कामावर परतलो तर मिस्त्री नसल्यामुळे सगळं ड्रिलिंग माझ्या गळ्यात. आठवड्यात मी नऊ बिटं मोडली. तीस प्लेटींपैकी अकरा झाल्या होत्या आणि मिलवाला रोज फोन करत होता. शेवटी मी निर्लज्जपणाची हद्द केली. मोडकी बिटं पिशवीत भरली आणि पवनीला मिस्त्रींच्या घरी गेलो.

त्यांच्या बायकोनं पाणी दिलं. "बसा भाऊ. कसं लागलं, काई सांगत नाई हे. तुमीच सांगा."

मी घाईनं पेला तोंडाला लावला. मिस्त्री खाटेवर पाय पसरून बसले होते. मांडीला जाड पट्टी. माझ्याकडे न पाहता त्यांनी पिशवी पेपरवर रिकामी केली आणि एकेक बिट उचलू लागले.

"हे जाळलं. हे बोथट होतं, तरी रेटला. हे चकमंदी फिरलं, दांड्यावर ओरखडे पाय. चक आवळाचा कंटाळा. हे तेलाबिगर." माझ्या आठवड्याचा पंचनामा पाच मिनिटांत झाला.

शेवटी हातात आलं ते त्या दिवशीचं बिट. मी ते का पिशवीत टाकलं होतं, देव जाणे. मिस्त्रींनी ते खिडकीकडे धरून फिरवलं.

"याची धार मी लावलो होतो. दोन्ही बाजू बरोबर. जळलं नाई. दांड्यावर ओरखडा नाई. तेल बी होतं. मंग हे काहून मोडलं, डिप्लोमा?"

बाई दारात उभ्या होत्या.

"क्लॅम्प लावला नव्हता," मी म्हणालो. "प्लेट हातात धरली होती."

"हे मले मालूम आहे. तुह्या भाऊजीले मालूम आहे का?"

संध्याकाळी मी भाऊजींना सांगितलं, सगळ्या कामगारांसमोर. भाऊजी शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या कानशिलात अशी दिली की राहिलेल्या दातांपैकी दोन हलले. सुखदेवनं टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मला कॉलरला धरून पवनीला घेऊन गेले. मिस्त्रींसमोर हात जोडले. "चूक झाली. पाय बरा झाला की या. तुमची जागा तुमचीच आहे."

"पाय बरा होईन," मिस्त्री म्हणाले. "पण मी येत नाई, मालक."

"राग धरू नका."

"राग नाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्यावर बी नाई. त्या दिवशी आवाज आला अन् पाय उचलला. मंधात इचार नव्हता. आता आवाज आला का मी आंधी पाहीन, हा कोणाचा साळा आहे, कोणाचा भाचा आहे, माही नोकरी राहीन का जाईन. तेवढ्या येळात समोरच्याचा हात जाईन. असा मिस्त्री ठेऊन काय करान तुमी?"

मिस्त्रींच्या बायकोनं चहाचे कप आणून समोर ठेवले. मला म्हणाल्या, "घ्या ना, भाऊ." पण कप घ्यायला हात पुढं करावा लागणार होता. दहाही बोटं शाबूत असलेले माझे दोन्ही हात पाठीमागे धरून मी तसाच उभा राहिलो.