आरोपीची तीन वाक्यं

परक्या मुलुखातल्या त्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत त्यांना सगळे काका म्हणत. मुकादम तेवढा, काकांच्या मुलाच्या वयाचा असूनही, त्यांच्या रंगावरून 'कोळसा' म्हणून हाक मारी आणि वर खो खो हसे. काकाही हसत. हसून सोडून देणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

एका दुपारी स्टोअरमधला छताजवळचा वाफेचा पाइप गळू लागला. किल्ली काकांकडे. त्यांनी दार उघडलं, धुतलेल्या चादरींचे गठ्ठे भराभर बाहेरच्या बाकांवर काढले आणि मिस्त्रीला बोलवायला धावले. परत येतात तो दोन गठ्ठे गायब. पाइप गुपचूप दुरुस्त झाला, आणि तो गळत होता हेच मुकादमाला आठवेना. चोरीचा आळ काकांवर आला. त्यांना घरी बसवलं आणि चौकशी लागली.

चौकशी इंग्रजीतून. साहेबांना काकांची भाषा येत नव्हती, काकांना साहेबांची. दुभाष्या मिळत होता, पण तो मुकादमाचा सख्खा मेहुणा.

"म्हणजे मी पाइप म्हणणार आणि तो चोरी म्हणून सांगणार," काका बायकोला म्हणाले. "त्यापेक्षा मीच बोलतो."

"बोला की! पोस्टात तिकीट मागताना तर तोंडाला कुलूप लागतं तुमच्या."

म्हणून काका वाचनालयाच्या माडीवर भरणाऱ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, तळमळीच्या. वर्गात त्या एक जुनी गाजलेली कादंबरी वाचून घेत. एका काळ्या गाडीवानावर गोऱ्या मालकाचा तबेला जाळल्याचा खोटा आळ येतो, त्याची गोष्ट. कोर्टाचं प्रकरण बाई नाटकासारखं वाचायला लावत. ज्याचं इंग्रजी बरं, त्याला लांब भाषण. बसड्रायव्हर वकील झाला, हॉटेलातली आचारीण न्यायाधीश. काका सगळ्यांत कच्चे, म्हणून आरोपी. त्याला तीनच वाक्यं होती. 'हो साहेब, मी तिथे होतो.' 'दार मीच उघडलं, साहेब.' 'घोडे बाहेर काढायला, साहेब.'

"ज्याच्या गळ्याशी आलंय त्यालाच बोलायला एवढंसं?" काकांनी विचारलं.

"त्याला विचारतंय कोण?" आचारीण म्हणाली. "बसा खाली, कोर्ट चालू आहे."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मान वर करून म्हणा, काका. तो माणूस खरं बोलतोय."

काकांना ते पटलं. भांडी घासताना, दाढी करताना ते तीच वाक्यं म्हणू लागले.

"हळू बोला," बायको म्हणे. "शेजारी म्हणतील, ह्यांनीच काहीतरी पेटवलंय."

'पाइप गळत होता, साहेब' हे काकांनी मागितलेलं वाक्यही बाईंनी शिकवलं, पण चौकशीच्या आदल्या संध्याकाळी. "आधी ही तीन जिभेवर बसू देत," असं त्या तोवर म्हणत आल्या होत्या. काकांनी ते दोनदा बिनचूक म्हटलं. बसड्रायव्हरने टाळ्या पिटल्या. "जिंकली केस! पेढे काढा."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तीन साहेब, कोपऱ्यात मुकादम. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. बसायला कोणी सांगितलं नाही.

"त्या दुपारी तुम्ही स्टोअरमध्ये होतात?"

"हो साहेब, मी तिथे होतो." स्वच्छ इंग्रजीत, मान वर करून. काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"दार कोणी उघडलं?"

"दार मीच उघडलं, साहेब."

"कशासाठी?"

"घोडे बाहेर काढायला, साहेब."

सवयीने शब्द आपसूक निघून गेले. मुकादम खो खो हसत सुटला. त्याच्या हसण्यानेच काकांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो. पाइप, वाफ, भिजलेल्या चादरी, सगळं डोळ्यांसमोर होतं. जीभ मात्र टाळूला चिकटली ती चिकटलीच. ते हातांनी छताकडे खुणा करत राहिले.

काकांना नोकरीवरून काढलं. दार उघडल्याची कबुली दिली, शिवाय चौकशीची थट्टा केली, म्हणून.

बाईंना कळलं तशा त्या काकांच्या घरी आल्या.

"मी जाते साहेबांकडे. सगळं समजावून सांगते."

"घोड्यांचं काय सांगाल?" काकांनी विचारलं.

बाई पदराशी चाळा करत बसल्या. मग काकाच म्हणाले, "त्या गाडीवानाचं पुढे काय होतं?"

"वाचू ना आपण. पुढच्या सोमवारी."

"आत्ताच सांगून टाका," बायको चहा ठेवत म्हणाली. "ह्यांना आता सकाळी लवकर उठायचं नाहीये."

बाईंनी सांगितलं. गाडीवानाला फाशी होते.

"आणि तो खरं बोलतोय हे लोकांना कळलेलं असतं?"

"सगळ्यांना कळलेलं असतं, काका."

"मग असली पुस्तकं वाचायची तरी कशाला?" बायकोने विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

हा प्रश्न बाईंना दरवर्षी कोणीतरी विचारी आणि त्या समजावून सांगत. त्या दिवशी त्यांनी कप उचलला, अर्धा चहा प्यायला आणि निघाल्या. साहेबांकडे त्या दोनदा जाऊन आल्या. निकाल बदलला नाही.

काका वर्गात परत गेले नाहीत. काही दिवसांनी त्यांना गाड्या धुण्याचं काम मिळालं. पगार कमी, दिवसभर पाण्यात पाय.

"माणसं कशी आहेत?" बायकोने विचारलं.

"बरी आहेत. बोलावं लागत नाही," काका म्हणाले आणि ओले मोजे वाळत घालायला गेले.